बॅकबेचा भराव : समुद्र हटला, पैसा बुडाला

मुंबईच्या दक्षिण टोकाला नरिमन पॉइंट आहे. उंच इमारती, मोठमोठ्या कंपन्यांची कार्यालये, जवळच मंत्रालय आणि विधानभवन. एकेकाळी देशातल्या सर्वांत महाग जागांमध्ये या जागेची गणना होत असे. ज्या खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचे नाव तिला मिळाले, त्यांनी आपल्या उमेदीची वर्षे समुद्रात भराव घालण्याच्या याच योजनेचा हिशेब मागण्यात घालवली होती. योजनेतला गैरकारभार त्यांनी चव्हाट्यावर आणला, त्यासाठी बदनामीचा खटला अंगावर घेतला आणि तो जिंकला. पुढे त्याच समुद्रात भराव पडला आणि त्या जमिनीला नाव मात्र हिशेब मागणाऱ्याचे दिले गेले.

या नावामागे साठ वर्षांचा इतिहास आहे. बॅकबेचा समुद्र हटवण्याचा मोठा प्रयत्न दोनदा झाला. पहिला १८६० च्या दशकात खासगी कंपनीने केला, दुसरा १९२० च्या दशकात सरकारने. दोन्ही वेळा इंजिनिअरांपेक्षा हिशेबनीस जास्त चुकले, आणि ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्यापेक्षा ज्यांना कोणी विचारलेही नव्हते त्यांनी किंमत अधिक मोजली. समुद्रात भराव घालण्याच्या योजना आजही निघतात. म्हणून हा जुना हिशेब पुन्हा मांडून पाहण्यासारखा आहे.

गरजेचा बांध

मुंबई हे शहरच भरावावर उभे आहे. सात बेटांच्या मधल्या खाड्या आणि दलदली बुजवत ते वाढले. अठराव्या शतकात वरळी आणि महालक्ष्मीच्या मधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरायचे आणि बेटांच्या मधोमध पसरायचे. पायधुणी या नावाची लोकांमध्ये सांगितली जाणारी कथा त्या पाण्याचीच आहे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या पुढाकाराने १७८० च्या दशकात तिथे बांध घातला गेला. आज हाजी अलीच्या दर्ग्यासमोरून जाणारा रस्ता त्याच बांधाच्या जागेवर आहे.

या बांधामुळे आतली सखल जमीन हळूहळू कोरडी झाली. कामाठीपुरा, भायखळा, ताडदेव या भागांत वस्ती झाली. पुढे मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर येऊन राहिले, गिरण्या आल्या, गिरणगाव उभे राहिले. बांधाचा खर्च परत मिळाला का, हा प्रश्नच तिथे वेगळा होता. पाणी थांबले, रोगराईचा त्रास कमी झाला, वस्तीला जागा मिळाली. बांध घालण्यामागे गरज होती आणि तिचा फायदा वापरातून मिळत गेला. जमिनीच्या उद्याच्या भावावर त्याचा हिशेब बेतलेला नव्हता.

बॅकबेच्या बाबतीत नेमके हेच उलटे झाले.

कापसाचा पैसा आणि कागदी जमीन

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला. त्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. चार वर्षांत मुंबईत एवढा पैसा आला की तो ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला.

त्या पैशाला वाट करून द्यायला कंपन्या निघाल्या. जानेवारी १८६५ पर्यंत मुंबईत ३१ बँका आणि ८ जमीन कंपन्या होत्या. जमीन कंपन्या म्हणजे बहुतेक करून समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या. त्या काळी शहरात जागेची टंचाई खरीच होती. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात किल्ल्याच्या भिंती पाडून तिथली जमीन विकायला काढली गेली होती. त्यामुळे नवी जमीन म्हणजे नफा, हे समीकरण कोणालाही पटण्यासारखे होते.

या सगळ्यांत मोठे नाव बॅकबे रिक्लेमेशन कंपनीचे. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतच्या अर्धचंद्राकृती किनाऱ्यावर भराव घालायचा, बीबीसीआय रेल्वेला लागणारी पट्टी सरकारला द्यायची आणि उरलेली जमीन कंपनीने विकायची, असा बेत होता. मुंबई सरकार स्वतः कंपनीचे ४०० शेअर घेणार होते. हिंदुस्थान सरकारने त्याला नकार दिला. तेव्हा ते शेअर लिलावात काढले गेले आणि एकेका शेअरवर पंचवीस हजार रुपयांहून अधिक जादा रक्कम मिळाली. पाच हजार रुपये भरलेल्या या शेअरचा भाव पुढे पन्नास हजारांच्या घरात गेला.

हा भाव कशाचा होता? जमीन अजून समुद्राच्या तळाशी होती. भराव घालायला किती वर्षे लागतील, किती दगड आणि माती लागेल, तयार जमीन कोण आणि कोणत्या दराने घेईल, यातले काहीच ठरलेले नव्हते. शेअर विकत घेणाऱ्याला जमीन नकोच होती. त्याला पुढच्या आठवड्यात जास्त भाव देणारा गिऱ्हाईक हवा होता.

या बाजाराचा राजा होता प्रेमचंद रायचंद. सुरतेकडचा हा जैन दलाल बुद्धीने तल्लख आणि देणगी देण्यात सढळ होता. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्याच्याच देणगीतून उभा राहिला. पण त्याच्या शब्दावर बँकांच्या तिजोऱ्या उघडत आणि शेअरवाटपाच्या यादीत कोणाचे नाव घालायचे हेही त्याच्या मर्जीवर ठरत असे. एवढी सत्ता एका दलालाच्या हाती असणे, हाच त्या बाजाराचा सर्वांत मोठा धोका होता.

बँक बुडते तेव्हा

समुद्रातल्या जमिनीचा सट्टा एकट्या सटोडियांना बुडवून थांबला असता तर इतिहासात त्याची एवढी नोंद झाली नसती. तो बँकेत शिरला, ही खरी शोकांतिका.

१८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही निमसरकारी बँक होती. सरकारचे त्यात भांडवल होते आणि संचालक मंडळावर सरकारने नेमलेले सभासद होते. लोकांचा तिच्यावर विश्वास होता तो यामुळेच. १८६३ मध्ये बँकेचा नवा कायदा आला आणि शेअर तारण ठेवून कर्ज देण्यावरची जुनी बंधने सैल झाली. मग बँकेने नव्या कंपन्यांचे शेअर तारण धरून कर्जे वाटायला सुरुवात केली. त्या कर्जातून आणखी शेअर घेतले जात, भाव आणखी चढे, चढलेल्या भावावर आणखी कर्ज मिळे. तारण म्हणून ठेवलेल्या कागदाची किंमत बँकेच्याच कर्जामुळे वाढत होती, हे तिच्या संचालकांच्या लक्षात आले नाही, किंवा आले तरी त्यांना ते बोलायचे नव्हते.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. बातमी मुंबईला पोहोचताच कापसाचा भाव कोसळू लागला. वायद्याचे बरेचसे व्यवहार १ जुलै १८६५ रोजी चुकते व्हायचे होते. त्या दिवशी घेणारा कोणीच उरला नाही, सगळेच देणेकरी निघाले. बॅकबेचा शेअर दोन हजारांच्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांवर आला. बॅकबे कंपनीशी जवळचा संबंध असलेली एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन १८६६ मध्ये बुडाली. बँक ऑफ बॉम्बे मोडीत काढावी लागली आणि १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. भांडवलाचा बहुतांश भाग शेअरांच्या तारणावर दिलेल्या कर्जांत गेला होता आणि सरकारने नेमलेले संचालक ते पाहत बसले होते.

शहराची अवस्था काय झाली ते जनगणनेचे आकडे सांगतात. १८६४ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ मोजली गेली होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. कामाच्या आशेने आलेली माणसे परत गेली होती. आणि ज्या शेतकऱ्याने चढ्या भावाच्या काळात कापूस पेरला, सावकाराकडून उचल घेतली, त्याच्याकडे उतरत्या भावात फक्त कर्ज उरले. दख्खनच्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध जो उठाव केला, त्याच्या कारणांमध्ये वाढलेल्या शेतसाऱ्याबरोबर ही कापसाची मंदीही होती. सुप्यातल्या कुणब्याने बॅकबेचा शेअर कधी पाहिलाही नसेल. पण त्याला कर्जात लोटणारी आणि तो शेअर बुडवणारी मंदी एकच होती.

जी कंपनी तरली

त्याच काळातली दुसरी एक कंपनी पाहा. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी १८५८ मध्ये निघाली. तिचा भराव शहराच्या पूर्व किनाऱ्यावर, बंदराच्या बाजूला होता. सट्ट्याची झळ तिलाही लागली. पण तिने काढलेली जमीन आणि बांधलेले धक्के रोजच्या वापराचे होते. गलबते लागत, माल उतरे, भाडे मिळे. पुढे सरकारने ही कंपनी विकत घेतली, १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि १८८० मध्ये तिथे प्रिन्सेस डॉक सुरू झाला. बंदराच्या उत्पन्नातून भरावाचे पैसे निघत राहिले.

बॅकबेच्या भरावातून हाती आली ती एक अरुंद पट्टी. तिच्यावरून रेल्वे कुलाब्यापर्यंत गेली आणि शेजारून क्वीन्स रोड झाला, जो आज महर्षी कर्वे मार्ग आहे. म्हणजे तिथेही उपयोगाला आला तो ठरलेल्या कामासाठीचा भाग. विक्रीसाठी कल्पिलेली जमीन पाण्याखालीच राहिली.

लॉइड साहेबांची योजना

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत पुन्हा पैसा खेळू लागला. गिरण्यांना भरमसाट नफा होत होता, जागेचे भाव आणि घरभाडी आकाशाला भिडली होती. डिसेंबर १९१८ मध्ये जॉर्ज लॉइड गव्हर्नर होऊन आले. धडाडीचा माणूस. त्यांनी १९२० मध्ये स्वतंत्र डेव्हलपमेंट खाते काढले. या वेळी खासगी सटोडिये नकोत, सरकारच भराव घालेल आणि नफाही जनतेच्या तिजोरीत जाईल, अशी भूमिका होती. १८६५ चा धडा आपण शिकलो, असे त्यांना वाटत होते.

सर जॉर्ज बुकॅनन या इंजिनिअरच्या अहवालावर योजना बेतली गेली. बॅकबेत समुद्रात भिंत घालायची, आतल्या भागाचे आठ ब्लॉक पाडायचे आणि बंदराच्या तळाचा गाळ ड्रेजरने उपसून नळांवाटे आत टाकायचा. त्यातून १,१४५ एकर जमीन मिळायची होती. पैशासाठी साडेसहा टक्के व्याजाचे डेव्हलपमेंट कर्ज उभारले गेले. जमीन विकून ते फिटेल आणि वर नफा उरेल, असा हिशेब होता.

त्याच खात्याकडे कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचेही काम होते. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला गेला. त्या खोल्या म्हणजे आपल्या बीडीडी चाळी. पन्नास हजारांपैकी सोळा हजारांच्या आसपास खोल्या प्रत्यक्षात आल्या, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी. वरळीच्या चाळी तर सुरुवातीला भाडेकरूंअभावी रिकाम्या पडल्या होत्या. आज त्याच चाळींच्या पुनर्विकासाची चर्चा होते, तेव्हा त्यांचा जन्म बॅकबेच्या खात्यातच झाला होता हे आठवत नाही.

भरावाच्या कामात एकेक गोष्ट चुकत गेली. अंदाजित खर्च थोड्याच काळात दुपटीकडे गेला. खास या कामासाठी आणलेला 'सर जॉर्ज लॉइड' नावाचा ड्रेजर ठरलेल्या वेगाच्या खूप मागे पडला. भिंतीच्या दगडांच्या फटींतून आत टाकलेला गाळ पुन्हा समुद्रात निसटू लागला. जनतेच्या कर्जाचे पैसे भिंतीतून पाझरून जात आहेत, हे दृश्य लोकांना समजायला अहवालाची गरज नव्हती. एवढ्यात युद्धोत्तर तेजी ओसरली, गिरण्या मंदीत गेल्या, जागांचे भाव उतरले. लॉइड डिसेंबर १९२३ मध्ये परत गेले. योजनेला लोक 'लॉइडचा वेडेपणा' म्हणू लागले.

याच लॉइड यांच्या कारकिर्दीत सिंधमध्ये, जे तेव्हा मुंबई प्रांतातच होते, सक्करच्या बंधाऱ्याचे काम सुरू झाले. त्याच्यावरही प्रचंड खर्च झाला. पण १९३२ मध्ये तो पुरा झाला आणि लाखो एकर जमिनीला पाणी मिळाले. गव्हर्नर तोच, कर्ज काढण्याची हिंमतही तीच. एका कामाचा परतावा पिकांतून येणार होता, दुसऱ्याचा जमिनीच्या भावातून.

हिशेब मागणारा वकील

खुर्शेद नरिमन हे पारशी वकील मुंबईच्या कायदेमंडळात होते. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. ड्रेजर कोणाच्या सल्ल्याने घेतला? खडी आणि मुरूम किती आला आणि किती दाखवला? कंत्राटे कशी दिली? 'बॉम्बे क्रॉनिकल'ने हा विषय लावून धरला. गाजावाजा वाढला तेव्हा १९२६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर ग्रिमवुड मियर्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे तिचे एक सभासद होते.

समितीने योजना सगळी बंद करा असेही म्हटले नाही आणि पुरी करा असेही म्हटले नाही. दोन्ही टोकांचे ब्लॉक, म्हणजे १, २, ७ आणि ८, पुरे करायचे आणि मधले ३ ते ६ थांबवायचे, असा सल्ला तिने दिला. कुलाब्याकडच्या जमिनीला लष्कर हे ठरलेले गिऱ्हाईक होते. त्यामुळे निदान त्या भागाचा पैसा निश्चित होता. १,१४५ एकरांपैकी सुमारे ४४० एकर जमीनच या टप्प्यात निघाली.

दरम्यान डेव्हलपमेंट खात्यातल्या हार्वी नावाच्या इंजिनिअरने नरिमन यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला भरला. तो बराच काळ चालला आणि १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. एका लोकप्रतिनिधीने सरकारी कंत्राटाचा हिशेब जाहीरपणे मागावा आणि न्यायालयात तो टिकावा, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

पुऱ्या झालेल्या भागावर मरीन ड्राइव्ह झाली. जगभरच्या मंदीच्या काळात तिथले भूखंड खपायला वेळ लागला. १९३० आणि ४० च्या दशकांत तिथे आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये त्यांचा जागतिक वारशात समावेश झाला. मधल्या ब्लॉकांचा काही भाग स्वातंत्र्यानंतर भरला गेला, त्यावर नरिमन पॉइंट उभे राहिले.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. शेवटी जमीन तर मिळाली ना? आज तिची किंमत किती आहे? मग लॉइड दूरदृष्टीचे ठरत नाहीत का?

हिशेब नेमका कुठे चुकतो

या प्रश्नाचे उत्तर व्याजात आहे. साडेसहा टक्के चक्रवाढीने कोणतीही रक्कम ११ वर्षांत दुप्पट होते. म्हणजे भरावात घातलेल्या रुपयाची जमीन ११ वर्षांनी विकली गेली तर ती दोन रुपयांना जायला हवी, तेव्हा कुठे खर्च निघतो. २२ वर्षांनी चार रुपये. ३३ वर्षांनी आठ. पन्नास वर्षांनंतर जमीन महाग झाली म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचा निर्णय बरोबर ठरत नाही. मधल्या काळात ते व्याज प्रांताच्या महसुलातून भरावे लागले. तो महसूल शेतसाऱ्यातून येई, अबकारीतून येई. शाळा आणि दवाखान्यांच्या वाट्याचा पैसा कर्जाच्या हप्त्यात जात होता.

भरावाच्या धंद्याचा स्वभावच असा आहे की खर्च आज, निश्चित आणि रोख असतो. उत्पन्न उद्या, अनिश्चित आणि दुसऱ्याच्या मर्जीवर असते. शिवाय काम अर्ध्यात सोडता येत नाही. अर्धी बांधलेली इमारत विकता येते, पण अर्धा बुजवलेला समुद्र कोणी विकत घेत नाही. म्हणून पैसा संपला की आणखी कर्ज काढायचा मोह होतो आणि आधीचा तोटा झाकायला नवा तोटा केला जातो.

आणखी एक गोम आहे. अशा योजना नेहमी तेजीतच निघतात, कारण तेजीतच जागेचा भाव डोळ्यांत भरतो. पण भराव पुरा व्हायला जी वर्षे लागतात, तेवढ्यात तेजी संपते. १८६४ मध्ये हेच झाले, १९२० मध्ये हेच झाले. त्यातच योजना खरोखर यशस्वी झाली आणि हजार एकर जमीन एकदम बाजारात आली, तर तिच्याच भाराने भाव खाली येतो. आजच्या टंचाईच्या भावाने उद्याच्या मुबलक जमिनीची किंमत लावणे, ही दोन्ही योजनांतली समान चूक होती.

यावर उपाय त्याच इतिहासात सापडतात. टप्प्याटप्प्याने काम करणे आणि एक टप्पा स्वतःच्या पायावर उभा राहिल्याशिवाय दुसरा न घेणे. भराव सुरू करण्याआधी ठरलेले गिऱ्हाईक किंवा ठरलेला वापर असणे. यंत्राचा वेग आणि गाळाची प्रत कंत्राट देण्याआधी तपासणे, आणि तपासणारा माणूस योजनेच्या यशावर पोट नसलेला असणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वह्या उघड्या ठेवणे. मियर्स समितीने १९२६ मध्ये जे विचारले ते १९२० मध्ये विचारले गेले असते, तर समितीची गरजच पडली नसती.

अरबी समुद्राच्या पलीकडे

ही कहाणी फक्त इंग्रज साहेबांच्या काळाची नाही. रत्नागिरी आणि रायगडातल्या कितीतरी मुस्लिम घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटते. त्यांना तिसरा अध्याय जवळून माहीत आहे. दुबईत नखील या सरकारी मालकीच्या कंपनीने २००१ पासून समुद्रात पाम जुमेरा बेट उभे केले. मग आणखी पाम, मग जगाच्या नकाशाच्या आकाराची बेटे. घरे बांधून होण्याआधीच कागदावर विकली जात आणि ताबा मिळण्याआधी पुन्हा पुन्हा हात बदलत. २००८ ची जागतिक मंदी आली आणि भाव कोसळले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी नखीलची मूळ कंपनी दुबई वर्ल्डने सुमारे २६ अब्ज डॉलरच्या कर्जफेडीला मुदत मागितली.

नखीलने पैसा उभारला होता त्यात सुकूकही होते. सुकूक म्हणजे व्याजाच्या रोख्याऐवजी मालमत्तेतल्या हक्कावर आणि भाड्यावर आधारलेली गुंतवणूक. तत्त्व चांगले आहे, पैशामागे खरी वस्तू हवी. पण इथली वस्तू होती किनाऱ्यालगतच्या, अजून विकसित न झालेल्या जमिनीवरचा हक्क. अडचण आली तेव्हा त्या जमिनीतून पैसे निघणे शक्य नव्हते. १४ डिसेंबर २००९ रोजी अबुधाबीने १० अब्ज डॉलर दिले आणि त्यातून सुकूकधारकांची रक्कम फेडली गेली. गुंतवणूकदार वाचले. अर्धवट बेटांची कामे थांबली आणि अनेक मजूर, फोरमन, ड्रायव्हर नोकरी गमावून मायदेशी परतले. त्यांच्यासाठी मदतीचे पॅकेज कोणी जाहीर केले नाही. करार व्याजाचा असो वा बिनव्याजाचा, पाण्याखालच्या जमिनीचा भाव धरून चालणारा व्यवहार त्याच जागी येऊन अडतो.

आज विचारायचे प्रश्न

आज मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर पुन्हा भराव पडला आहे. सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. या भरावाची जमीन घरे किंवा दुकाने बांधण्यासाठी वापरता येणार नाही, अशी अट आहे. बॅकबेच्या तुलनेत हा मोठा फरक म्हणायला हवा, कारण जमिनीच्या भावावरचा जुगार त्यामुळे टळतो. पण खर्च महापालिकेच्या तिजोरीतून झाला आहे आणि रस्त्यावर टोल नाही. म्हणजे मोटारीत न बसणारा करदाताही त्याचे पैसे भरतो. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांना तर आपल्या होड्या सुरक्षित जाव्यात म्हणून पुलाच्या खांबांमधले अंतर वाढवून घेण्यासाठी लढावे लागले. समुद्रावर ज्यांचे पोट आहे त्यांचा तोटा मूळ आराखड्याच्या कोणत्या रकान्यात होता, हे विचारायला हवे.

विकासाला विरोध म्हणून हे प्रश्न नाहीत. नरिमन यांनाही समुद्राचे काही फार प्रेम होते अशातला भाग नाही. त्यांना पैशाचा हिशेब हवा होता. भरावाची कोणतीही योजना पुढे आली की चार गोष्टी विचाराव्यात. जमीन कशासाठी हवी आहे, वापरासाठी की विकण्यासाठी? ठरलेल्या वेळेत काम झाले नाही तर वाढणारे व्याज कोण भरणार? भाव उतरले तर तोटा कोणाच्या नावावर पडणार? आणि हे सगळे तपासणारा माणूस कोणाच्या पगारावर आहे?

१८६५ मध्ये बँक ऑफ बॉम्बेच्या ठेवीदाराने हे विचारले नाही, कारण सरकारचे संचालक तिथे बसले आहेत असे त्याला वाटत होते. १९२० मध्ये कर्जरोखे घेणाऱ्याने विचारले नाही, कारण कर्ज सरकारचे होते आणि पैसा परत मिळणारच होता. दोन्ही वेळा जोखीम कुठे गेली नव्हती. ती फक्त प्रश्न विचारू न शकणाऱ्या माणसाच्या खांद्यावर सरकवली गेली होती.